आधार सुटलेल्या प्रणाली आणि पतपेढ्यांची दप्तरे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार काढून घेतला. दुसरा दिवस बुधवारचा, कामाचा. दिवाळी तोंडावर आलेली. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत उपनगरांतल्या पतपेढ्यांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या खिडक्या नेहमीप्रमाणे उघडल्या, संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाले, पावत्या छापल्या गेल्या. काहीही बिघडले नाही. आणि काहीही बिघडले नाही, हीच या प्रश्नातली खरी अडचण आहे. छप्पर गळू लागले तर माणूस गवंड्याला बोलावतो. येथे छप्पर शाबूत दिसते, फक्त ते पुन्हा कधी गळले तर दुरुस्तीला कोणी येणार नाही, एवढेच ठरलेले असते. असल्या ठरावाची दखल कोणती व्यवस्थापक समिती घेणार?

कार्यप्रणालीचा आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडत नाही. तिच्यातले नवे दोष शोधून ते बुजविण्याचे काम कंपनी थांबवते, इतकाच त्याचा अर्थ. दोष मात्र सापडतच राहतात; फरक असा की, ते आता फक्त चोरट्यांना उपयोगी पडतात. ‘विंडोज एक्सपी’चा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, ‘विंडोज ७’चा १४ जानेवारी २०२० रोजी. या दोन्ही प्रणालींवर चालणारी यंत्रे आजही कार्यालयांच्या कोपऱ्यांत दिसतात आणि त्या कोपऱ्यांतच बहुधा संस्थेचे सर्वांत मौल्यवान दप्तर, म्हणजे डेटाबेस, ठेवलेला असतो. टंकलेखनापुरते वापरले जाणारे यंत्र नवे घेतले जाते. सभासदांच्या ठेवी आणि कर्जे ज्यात नोंदलेली आहेत, त्या यंत्राला हात लावायला कोणी धजत नाही. हा विपर्यास असला तरी तो समजण्यासारखा आहे.

डेटाबेस आणि कार्यप्रणाली यांचे नाते काय, हे जरा नीट पाहिले पाहिजे. एखादा सभासद पाच हजार रुपये भरतो. डेटाबेसचे सॉफ्टवेअर ती नोंद प्रथम आपल्या रोजकीर्दीत करते, मग कार्यप्रणालीला सांगते की, हे तबकडीवर कायमचे लिही. कार्यप्रणाली ‘लिहिले’ असे उत्तर देते आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर खिडकीतली पावती बाहेर पडते. वीज गेली, दोन कारकुनांनी एकाच खात्याला एकाच क्षणी हात घातला, तबकडी भरत आली, अशा प्रत्येक प्रसंगी वरच्या सॉफ्टवेअरला खालच्या प्रणालीच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणून ओरॅकल असो वा मायक्रोसॉफ्ट, डेटाबेस विकणारी कंपनी आपला माल कोणकोणत्या कार्यप्रणालींच्या कोणकोणत्या आवृत्त्यांवर तपासला आहे, याची यादी प्रसिद्ध करते. यादीबाहेरच्या प्रणालीवर तो चालतच नाही असे नव्हे. अनेकदा उत्तम चालतो. पण नोंदी बिघडल्या आणि तक्रार केली, तर आधी हाच दोष यादीतल्या प्रणालीवर दाखवा, असे उत्तर मिळू शकते. ज्या संस्थेकडे यंत्र एकच, तिने तो कोठे दाखवायचा?

यादीबाहेर जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, प्रणाली म्हातारी होते. दुसरा, ती प्रथमपासूनच यादीत नसते. ओरॅकलचा महागडा डेटाबेस घ्यायचा आणि खालची प्रणाली म्हणून फुकटची ‘सेंटओएस’ बसवायची, हा दुसऱ्या मार्गाचा सर्वपरिचित नमुना. ‘सेंटओएस’ म्हणजे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सचीच जवळजवळ प्रतिकृती. तेव्हा मूळ यादीत आहे, मग प्रतिकृती का नको, हा व्यावहारिक हिशेब. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने जाहीर केले की, जी आवृत्ती २०२९ पर्यंत चालायची होती ती ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल. त्यामागची ‘सेंटओएस ७’ही ३० जून २०२४ रोजी संपली. गमतीचा भाग असा की, ओरॅकलचे स्वतःचे लिनक्स २००६ पासून उपलब्ध आहे, ते मोफत उतरवून घेता येते आणि त्याच्या दुरुस्त्याही मोफत मिळतात. म्हणजे येथे काटकसरीचे कारणही उरत नाही. उरते ती केवळ सवय, आणि बसवून देणाऱ्याची सोय.

छोट्या संस्थांचा प्रश्न मात्र पहिल्या मार्गाचा आहे आणि त्याची मुळे आपल्या मातीत खोल गेलेली आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पतपेढ्यांनी, ग्राहक भांडारांनी, शाळांनी संगणक घेतले, तेव्हा त्यांचे हिशेब प्रामुख्याने ‘फॉक्सप्रो’वर उतरले. पुढे काहींनी ‘एस्‌क्यूएल सर्व्हर’ घेतला. प्रत्येक ठिकाणी एक ओळखीचा प्रोग्रामर असे. कोणाचा भाचा, कोणाचा विद्यार्थी. त्याने संस्थेच्या गरजा ऐकून, नियमावली वाचून, अगदी अंगाला बसेल असा कार्यक्रम लिहून दिला. हे काम हलक्या प्रतीचे होते असे समजू नये. व्याजाची आकारणी, जामीनदारांची नोंद, पगारातून होणारी कपात, लाभांशाची वाटणी हे सारे त्यात चोख बसलेले असे. कित्येक ठिकाणी आजही तेच चालू आहे. परंतु तो प्रोग्रामर आता कोठे आहे आणि त्याने लिहिलेल्या मूळ संहितेची प्रत कोणाकडे आहे, हे विचारल्यास उत्तर मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने ‘फॉक्सप्रो’ पुढे न वाढविण्याचे २००७ साली जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याचा आधारही संपविला. डॉसच्या काळातले सोळा-बिटांचे कार्यक्रम चौसष्ट-बिटांच्या विंडोजवर मुळी उघडतच नाहीत. ‘विंडोज १०’ ही बत्तीस-बिटांच्या रूपात मिळणारी शेवटची आवृत्ती, आणि ‘विंडोज ११’ केवळ चौसष्ट-बिटांचीच आहे. म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये या जुन्या दप्तरांच्या पायाखालची शेवटची फरशी निघाली.

याहून बिकट गोष्ट लिपीची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी नावे साठविण्याची पद्धत प्रत्येक फाँटनिर्मात्याची वेगळी होती. पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्राद्वारे भारतीय लिप्यांना संगणकावर आणले, ‘इस्की’ ही प्रमाण संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आली. पण बाजारात चालले ते निरनिराळे फाँट आणि त्यांचे निरनिराळे खासगी संकेत. पडद्यावर ‘कृष्णाबाई’ दिसत असले तरी आत साठलेले असे ते रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचे एक कडबोळे. फाँट आहे तोवर कृष्णाबाई. फाँट नव्या प्रणालीवर बसला नाही की कृष्णाबाई नाहीशी होते आणि कडबोळे तेवढे उरते. हजारो सभासदांची नावे व पत्ते असे गोठलेले असताना ‘नवे यंत्र घ्या, प्रश्न मिटेल’ असा उपदेश करणारे अडाणी ठरतात. नावे युनिकोडमध्ये आणता येतात, त्यासाठी साधनेही आहेत; परंतु प्रत्येक जोडाक्षर, रफार, अनुस्वार माणसाने डोळ्यांखालून घालावा लागतो. ते काम अखेर कारकुनाच्याच पदरात पडते, तेही बहुधा मार्चअखेरच्या धांदलीत. ८ सप्टेंबर १९८३ च्या करारात बँक कर्मचारी संघटनांनी यंत्रीकरणाच्या मर्यादांवर घासाघीस केली होती, तेव्हा यंत्र आपले काम हिरावून घेईल ही भीती होती. यंत्राने टाकून दिलेल्या दप्तराची राखण आपल्या गळ्यात पडेल, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नसावे.

निराधार यंत्रे सांभाळण्याचा प्रसंग या देशावर पूर्वीही आला होता. विदेशी चलन नियमन कायद्याखाली भागभांडवल कमी करण्यास नकार देऊन आयबीएम कंपनी १९७८ मध्ये भारतातून निघून गेली. मोठमोठ्या कार्यालयांत आणि शिक्षणसंस्थांत बसविलेले तिचे संगणक मागे राहिले. सरकारने त्या यंत्रांना वाऱ्यावर सोडले नाही. देखभालीसाठी उभारलेल्या सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सीएमसीने, त्यांची जबाबदारी घेतली आणि ती यंत्रे चालू ठेवली. त्या निर्णयाच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतील. पण यंत्र विकत घेणे आणि ते चालते ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही समज त्यात होती. याच सीएमसीने पुढे दिल्लीत रेल्वेची आरक्षण यंत्रणा व्हॅक्स संगणकांवर उभारली. त्या यंत्रणेखालच्या व्हीएमएस प्रणालीचा इतिहास बोलका आहे. डिजिटल कंपनीने १९७७ मध्ये आणलेली ही प्रणाली १९९८ मध्ये कॉम्पॅककडे, २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डकडे गेली. २०१३ मध्ये या शेवटच्या मालकाने तिचे भवितव्य आवरते घेण्याचे ठरविले, आणि २०१४ मध्ये एका छोट्या कंपनीने तिची पुढची जबाबदारी स्वीकारली म्हणून ती तगली. खिडकीशी तिकीट काढणाऱ्या प्रवाशाला यातले काही कळले नाही, कारण रेल्वेपाशी स्वतःची संगणकसंस्था होती. पतपेढीपाशी काय आहे? आणि सीएमसी तरी आता कोठे आहे? ती २००१ मध्ये टाटांकडे गेली व पुढे टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली.

नियामकाने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण मात्र ताजे आहे. एक्सपीचा आधार संपून चार वर्षे लोटली तरी देशातील पुष्कळ एटीएम यंत्रे त्याच प्रणालीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांना गोपनीय परिपत्रकाने सावध केले. प्रगती मंद, असे आढळले. मग २१ जून २०१८ रोजी तिने तारखाच बांधून दिल्या. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान पाव यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण, आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे आधार असलेल्या प्रणालीवर आली पाहिजेत. नागरी सहकारी बँकांसाठीही ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी ती श्रेणीवार विस्तारली गेली. या नियमांबद्दल बँकांची कुरकुर असते, ती असू द्यावी. निदान तेथे विचारणारा कोणी आहे.

पतपेढ्या या चौकटीत येत नाहीत. शिक्षकांच्या, महापालिका व राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या, कारखान्यांतल्या कामगारांच्या पगारदार पतसंस्था सहकार खात्याच्या, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या अखत्यारीत आहेत. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. म्हणजे जेथे ठेवीमागे विमा नाही, तेथेच दप्तराखालच्या प्रणालीची चौकशी करणाराही नाही. कलम ८१ खाली दरवर्षी लेखापरीक्षण होते. लेखापरीक्षक शिलकेचा मेळ घालतात, थकबाकी तपासतात, रोख मोजतात. परंतु ज्या यंत्रातून ही शिल्लक बाहेर आली त्याची प्रणाली कोणती, तिची मुदत कधी संपली, साठवणप्रत अखेरची कधी उतरवली आणि मुख्य म्हणजे ती परत चढवून पाहिली काय, हे प्रश्न विचारण्याची सर्रास पद्धत नाही. संगणक आला तेव्हा खातेवही गेली. खातेवहीला निदान वाळवी लागलेली दिसत तरी असे.

हे भय काल्पनिक आहे काय? १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या यंत्रांतील नोंदी कुलूपबंद केल्या, तेव्हा इंग्लंडमधील २३६ आरोग्यसंस्थांपैकी ८१ बाधित झाल्या. त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण एक्सपीसाठी ती हल्ल्यानंतर आली. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, बाधितांतली बहुसंख्य यंत्रे तेव्हा आधार असलेल्या ‘विंडोज ७’ची होती, दुरुस्ती हाताशी असून ती बसविलेली नव्हती. आधार असणे पुरेसे नाही, आधार घ्यावाही लागतो. अंधेरीचेच उदाहरण घ्यायचे तर महाकाली गुंफा मार्गावरील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे घेता येईल. २१ मार्च २०२१ च्या पहाटे अडीचच्या सुमारास महामंडळाची यंत्रणा बंद पडल्याचे इशारे आले. खंडणीखोर सॉफ्टवेअरने तिचे डेटाबेस सर्व्हर आणि ठिकठिकाणच्या कार्यालयांतील काही संगणक कुलूपबंद केले होते. त्याचा दोष जुन्या प्रणालीवर टाकण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच की, तेथे साठवणप्रती जाळ्याच्या वेगळ्या विभागात ठेवलेल्या होत्या आणि त्यांना संसर्ग झाला नव्हता, असे महामंडळाने सांगितले. एकाच कपाटात मूळ वही आणि तिची नक्कल ठेवणाऱ्या संस्थेला हे भाग्य लाभणार नाही.

अर्थात सगळा दोष संस्थांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ‘विंडोज ११’साठी कंपनीने जी यंत्रसामग्री आवश्यक ठरविली आहे, ती २०१७ पूर्वी घेतलेल्या संगणकांत बहुधा नसते, म्हणजे धडधाकट यंत्र केवळ कंपनीच्या अटीमुळे भंगारात जाते. ज्यांना जुनेच ठेवायचे आहे त्यांच्यासाठी वाढीव दुरुस्त्यांची योजना आहे, पण संस्थांसाठी तिचा पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होत तीन वर्षांनी संपतो. वीस यंत्रांच्या पतसंस्थेला पहिल्याच वर्षी सुमारे एक लाख रुपये मोजावे लागतील, आणि त्यातून मिळेल ती कार्यप्रणालीची डागडुजी. वर बसलेला ‘एस्‌क्यूएल सर्व्हर २०१४’ ९ जुलै २०२४ रोजीच निराधार झालेला आहे, त्याला तिचा उपयोग नाही. घर विकून झाल्यावरही दरसाल देखभालीचा दर वाढवीत नेण्याचा हा व्यवहार चीड आणणाराच आहे. शाळा-महाविद्यालयांना मात्र हीच सोय यंत्रामागे पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन व तिसऱ्या वर्षी चार डॉलरला मिळते. ही माहिती किती मुख्याध्यापकांपर्यंत पोचवली गेली, याची विचारणा शिक्षण खात्याने करायला हरकत नाही.

मुक्त प्रणालींचा पर्याय अनेकदा सांगितला जातो आणि तो पोकळ नाही. केरळने आपल्या सरकारी शाळा लिनक्सवर नेल्याला दीड दशकाहून अधिक काळ लोटला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकची ‘बॉस’ ही देशी प्रणाली २००७ पासून आहे. जुहूला सी-डॅकचे केंद्र आहे, तर पवईच्या आयआयटीतून मुक्त सॉफ्टवेअरचे बोलके पाठ मराठीतूनही तयार झाले आहेत. घाटकोपरचा विद्यार्थी जे पवईत शिकू शकतो ते घाटकोपरच्या पतपेढीला कोणी शिकवत नाही, ही स्थिती शोभादायक नाही. तरीही मुक्त म्हणजे अमर नव्हे, हे ‘सेंटओएस’ने दाखविले आहे. तेथेही प्रत्येक आवृत्तीला तारीख असते आणि ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत कोणाला तरी लिहून ठेवावी लागते.

वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमात वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढ्या मोठ्या आकड्याने पतसंस्थेचा सचिव घाबरणार नाही. तो आकडा त्याला आपला वाटतच नाही. त्याला समजेल असा मार्ग त्याच्या ओळखीचा आहे. तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचे बंधन महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब खाली उपनगरांतल्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला माहीत आहे. पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरविणारे ४ जुलै २०१९ चे निर्देश सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली निघाले, तेही माहीत आहेत. त्याच कलमाखाली पतसंस्थांना असे सांगता येईल की, लेखापरीक्षण अहवालात तीन रकाने भरावेत: कार्यप्रणाली कोणती व तिची मुदत कधीपर्यंत, डेटाबेस कोणता व त्याची मुदत कधीपर्यंत, आणि साठवणप्रत दुसऱ्या यंत्रावर चढवून पाहिल्याची तारीख. कार्यक्रम लिहून घेताना मूळ संहितेची प्रत संस्थेच्या ताब्यात राहील, ही अट करारात घालणेही त्यात येईल. ज्यांना एकट्याने खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी पतसंस्थांच्या महासंघांनी तालुकावार एखादा जाणकार पगारी नेमावा. सीएमसीने देशाच्या पातळीवर जे केले त्याची ही फारच छोटी आवृत्ती होईल. पण तेवढीही आज नाही.

३० सप्टेंबरपूर्वी पतसंस्थांच्या वार्षिक सभा होतात. तेथे लाभांशाचा दर आणि सभासदांना द्यायची भेटवस्तू यांवर जोरदार चर्चा झडते, आणि ती झडावीही. लेखापरीक्षण मात्र त्याआधी, वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत पुरे व्हायचे असते. सहकार आयुक्तालयाने मनात आणले तर ते तीन रकाने येत्या सभेच्या अहवालातच छापून येऊ शकतील.